गुदद्वाराचा कर्करोग: किरणोपचारानंतर एमआरआयमध्ये गाठ उरली आहे, शस्त्रक्रियेची घाई करावी का?

गिरणाकाठ | ६ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. आम्ही भडगाव तालुक्यातले. आईचे वय ५६ आहे. गेल्या दिवाळीच्या आधीपासून तिला शौचावाटे रक्त जात होते, पण दोन महिने तिने घरात कोणालाच सांगितले नाही, आणि सांगितले तेव्हाही "मूळयाध शे, व्हई जाई बरी" एवढेच म्हणाली. मूळव्याध-भगंदराच्या पाट्या आमच्या भागात जागोजागी आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी तिला आधी मलम आणि चूर्ण मिळाले, मग दोनदा इंजेक्शन दिले गेले, आणि या चार महिन्यांत तिला बोटाने तपासावे असे कोणालाही वाटले नाही. मार्चमध्ये उजव्या जांघेत गाठ हाताला लागली तेव्हा आम्ही जळगावला एका सर्जनकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत तपासले आणि दुसऱ्याच दिवशी तुकडा काढून तपासणीला पाठवला. अहवालात स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आवरणाच्या चपट्या पेशींचा कर्करोग, आला.

एमआरआय आणि पेट स्कॅनमध्ये गुदमार्गात चार सेंटिमीटरची गाठ आणि उजव्या जांघेत एक गाठ दिसली. यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ होती. मुंबईला ८ एप्रिलपासून किरणोपचार सुरू झाले. एकूण २८ बैठका झाल्या, पहिल्या दिवशी मायटोमायसिन या केमोच्या औषधाचे सलाइन दिले आणि किरणांच्या दिवसांत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू होत्या. चौथ्या आठवड्यात तिची जांघेतली कातडी सोलून निघाली. लघवीला जाताना ती दाराची कडी धरून उभी राहत असे. मे महिन्याच्या मध्यावर सगळे संपले आणि आम्ही तिला घरी आणले.

४ जुलैला इथेच एमआरआय केला. चार सेंटिमीटरची गाठ आता १.३ सेंटिमीटर आहे आणि जांघेतली गाठ दिसत नाही. हा अहवाल जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सर्जनना दाखवला तर ते म्हणाले की कॅन्सर उरलेला आहे, गुदद्वार पूर्ण काढून पोटावर शौचासाठी कायमची पिशवी लावावी लागेल, आणि हे पंधरा दिवसांत करा. मुंबईची तारीख ऑगस्टमध्ये आहे. पिशवीचा शब्द कानावर पडल्यापासून आईने जेवण सोडले आहे. आम्ही घाई करावी की थांबावे? ज्यांनी हे पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

धुळेकर ताई | ६ जुलै, रात्री १०.१५

दादा, मी कर्करोगाच्या वॉर्डमध्ये अकरा वर्षे परिचारिका होते. मुंबईच्या डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत शस्त्रक्रियेच्या कोणत्याही संमतिपत्रावर सही करू नका. ऑगस्टची वाट न पाहता त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात फोन करा, अहवाल पाठवा आणि तारीख अलीकडे आणता येते का ते विचारा. स्कॅनची सीडीसुद्धा जपून ठेवा, कारण नुसत्या छापील अहवालावरून त्यांना मत देता येणार नाही. आईंना आज रात्री एवढेच सांगा की पिशवीचा निर्णय अजून झालेला नाही.

किरणचिकित्सक | ७ जुलै, सकाळी ७.०५

मी किरणोपचार विभागात काम करतो. रुग्णाला तपासल्याशिवाय निर्णय सांगता येत नाही, तरी या आजाराचा इतिहास आणि आकडे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेले असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

१९७० च्या दशकापर्यंत या आजाराला एकच उपचार होता: गुदद्वार आणि गुदाशय काढून टाकायचे आणि पोटावर कायमची पिशवी लावायची. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये नॉर्मन निग्रो नावाचे सर्जन होते. शस्त्रक्रिया सोपी जावी म्हणून त्यांनी आधी थोडे किरणोपचार आणि त्यांच्याबरोबर फाइव्ह-एफयू व मायटोमायसिन ही औषधे द्यायला सुरुवात केली. १९७४ मध्ये त्यांनी पहिल्या तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघांची शस्त्रक्रिया झाली आणि काढलेल्या भागात कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही. तिसऱ्या रुग्णाने शस्त्रक्रिया नाकारली आणि तोही रोगमुक्त राहिला. एक मोठी शस्त्रक्रिया बहुसंख्य रुग्णांच्या आयुष्यातून निघून गेली, त्याची सुरुवात या तीन माणसांपासून झाली. मला आजही ही हकिकत विद्यार्थ्यांना सांगताना भरून येते.

पुढे ब्रिटनमध्ये ५८५ रुग्णांवर अ‍ॅक्ट-वन ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले. नुसत्या किरणांपेक्षा किरण आणि केमो एकत्र दिल्यास त्याच जागी रोग पुन्हा उठण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो, हे तिच्यात दिसले. तेरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हिशेब असा निघाला की एकत्र उपचार घेणाऱ्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे २५ जणांचा स्थानिक रोग पुन्हा उठणे टळले आणि या कर्करोगाने होणारे सुमारे १२ मृत्यू टळले. मायटोमायसिनच्या जागी सिस्प्लॅटिन वापरून पाहण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण मायटोमायसिनच्या गटात ७८ टक्के आणि सिस्प्लॅटिनच्या गटात ७१ टक्के आढळले. म्हणून तुमच्या आईंना मिळालेला उपचार जगभर मान्य असलेलाच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. अ‍ॅक्ट-टू या चाचणीत ९४० रुग्ण होते आणि त्यांची तपासणी तीन वेळा झाली: उपचार सुरू झाल्यापासून ११, १८ आणि २६ आठवड्यांनी. हे आठवडे उपचार संपल्याच्या दिवसापासून मोजलेले नाहीत, सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजलेले आहेत, याकडे लक्ष द्या, कारण इथेच अनेकांचा घोटाळा होतो. अकराव्या आठवड्यात ज्यांच्यात रोगाचा अंश उरलेला दिसत होता आणि ज्यांची पुढेही तपासणी झाली असे २०९ रुग्ण होते. कोणताही नवा उपचार न देता त्यांतल्या १५१ जणांमध्ये, म्हणजे ७२ टक्क्यांमध्ये, सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गाठ पूर्ण नाहीशी झाली. अकराव्या आठवड्यालाच सगळ्यांची शस्त्रक्रिया केली असती तर या १५१ जणांचे गुदद्वार विनाकारण गेले असते. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तुमच्या आईंचा एमआरआय उपचार सुरू झाल्यापासून साडेबाराव्या आठवड्यात झाला आहे. गाठ चारावरून १.३ वर आली आहे आणि जांघेतली गाठ गेली आहे. उतार चालू असताना थांबून पाहणे योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिरणाकाठ | ७ जुलै, सकाळी ११.३०

डॉक्टरसाहेब, आपण एवढे लिहिलेत, फार आभार. पण मनात एक भीती आहे. थांबलो आणि त्या तीन महिन्यांत रोग पसरला तर? इथल्या सर्जनचे म्हणणे असे की निदान बायोप्सी तरी करून घ्या. आणि किरण बंद होऊन दीड महिना झाला असताना गाठ अजून कशी काय विरघळते?

किरणचिकित्सक | ७ जुलै, रात्री ८.५०

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. किरणांनी पेशी जागच्या जागी जळून जात नाहीत. त्यांचा डीएनए तुटतो, आणि अशी पेशी पुढे विभागायला गेली की मरते. म्हणून किरण थांबल्यावरही पेशी आठवड्यामागून आठवडे मरत राहतात आणि मेलेला भाग शरीर हळूहळू उचलून नेते. या आजारातल्या पेशी विशेष सावकाश जातात. शिवाय एमआरआयमध्ये दिसणाऱ्या १.३ सेंटिमीटरमध्ये जिवंत रोग किती आणि सूज व व्रणाची ऊती किती, हे इतक्या लवकर ओळखणे कठीण असते.

बायोप्सीची घाई नको, याची दोन कारणे आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या पेशी मरणपंथाला लागलेल्या असू शकतात, आणि अहवालात "कर्करोग आढळला" एवढे वाचून चुकीची शस्त्रक्रिया होऊ शकते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. किरण बसलेल्या कातडीला जखम केली तर ती महिनोन्महिने भरत नाही, आणि न भरणारी जखम रुग्णाला गाठीपेक्षा जास्त छळते.

थांबणे म्हणजे पाठ फिरवणे नव्हे. दर चार ते सहा आठवड्यांनी अनुभवी हाताने बोटाने तपासणी, दोन्ही जांघा चाचपून पाहणे आणि ठरलेल्या वेळी एमआरआय, एवढे झालेच पाहिजे. गाठ वाढताना दिसली, नवी गाठ आली किंवा वेदना व रक्तस्राव पुन्हा वाढू लागला, तर सव्विसाव्या आठवड्याची वाट पाहायची नाही. लगेच बायोप्सी आणि गरज असल्यास शस्त्रक्रिया. ८ एप्रिलपासून २६ आठवडे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होतात. त्या वेळची तपासणी निर्णायक धरतात, कारण त्याच चाचणीत सव्विसाव्या आठवड्याला रोग पूर्ण गेलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, तर न गेलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होते. दुसरा आकडा कठोर आहे आणि तो मी झाकत नाही, पण शस्त्रक्रियेचा मार्ग त्या वेळीही खुला असतो. उरलेल्या किंवा परतलेल्या रोगासाठी अशी शस्त्रक्रिया झालेल्यांत, वेगवेगळ्या रुग्णालयांच्या अनुभवानुसार, ३० ते ६० टक्के लोक पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात.

सावद्याचा शेतकरी | ८ जुलै, सकाळी ६.२०

भाऊ, मी त्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. मला हाच रोग झाला होता, किरण आणि केमो झाले, गाठ पूर्ण गेली आणि चौदा महिन्यांनी त्याच जागी परत आली. मग शस्त्रक्रिया झाली. पोटावर पिशवी लागून आता सहा वर्षे झाली. मी रोज केळीच्या बागेत जातो, ठिबकच्या नळ्या पाहतो, घड उतरवताना उभा असतो.

माऊलींना पिशवीची भीती वाटते, ती मलाही वाटली होती, म्हणून खरे काय ते लिहितो. पहिले तीन महिने अवघड गेले. खालची जखम भरायला पाच महिने लागले, कारण तिथे किरण बसलेले होते. डॉक्टरसाहेब म्हणतात ते मी अंगावर भोगले आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला गेला की घामाने पिशवीची चकती सुटते, म्हणून मे महिन्यात मी ती लवकर बदलतो, कातडी पूर्ण कोरडी करून मगच लावतो आणि वरून पट्टा बांधतो. चकतीचे भोक कात्रीने नेमक्या मापाचे कापायला माझी मंडळी माझ्या आधी शिकली. भाकरी, भरीत, सगळे खातो. फक्त लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी आणि वरण जपून घेतो, गॅस होतो म्हणून. पिशवी टळत असेल तर जरूर टाळा, डॉक्टरांचे ऐका. पण टळली नाही तर आयुष्य संपले असे माऊलींना वाटू देऊ नका. त्यांची इच्छा असेल तर मी फोनवर बोलेन; मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

नंदुरबारी | ८ जुलै, दुपारी ३.१०

माझ्या वडिलांना हाच प्रकार आहे, पण निदान झाले तेव्हाच यकृतात गाठी होत्या. सुरतेला दाखवले. तिथे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल सुरू केले आहे. वर लिहिलेले आकडे आम्हाला लागू होतात का?

किरणचिकित्सक | ८ जुलै, रात्री ९.१५

नाही, आणि हे स्पष्ट सांगणे मला भाग आहे. वरचे आकडे रोग गुदमार्गात आणि जवळच्या गाठींपुरता असलेल्या रुग्णांचे आहेत. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग जागच्या जागी असताना पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दहांत आठ किंवा थोडे अधिक, जवळच्या गाठींत गेल्यास सुमारे दोन तृतीयांश आणि दूरच्या अवयवांत गेल्यास साधारण एक तृतीयांश आहे.

तुमच्या वडिलांना दिलेली औषधे योग्य आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९१ रुग्णांच्या चाचणीत या जोडीवर रुग्ण मध्यकाच्या हिशेबाने २० महिने जगले, तर सिस्प्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू या जुन्या जोडीवर १२.३ महिने. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, हे विसरू नका. अलीकडे याच जोडीला रेटिफॅनलिमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध जोडून ३०८ रुग्णांवर चाचणी झाली. रोग आटोक्यात राहण्याचा काळ ७.४ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ही औषधे फार महाग असतात, त्यामुळे वडिलांच्या बाबतीत त्यांचा उपयोग किती आणि खर्च किती, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी एक. हे सगळे स्क्वेमस प्रकाराबद्दल आहे. त्याच जागी अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग) असेल तर उपचार गुदाशयाच्या कर्करोगासारखा चालतो आणि शस्त्रक्रिया मुख्य ठरते. मेलॅनोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग) असेल तर तो फार वेगळा आणि फार कठीण आजार आहे. त्यात पाच वर्षांचा टप्पा गाठणारे पाचांत एकापेक्षा कमी असतात. म्हणून बायोप्सीच्या अहवालातला प्रकाराचा शब्द आधी वाचा आणि आकडे नंतर.

माहेरवाशीण | ९ जुलै, रात्री ११.०५

मला हे लिहायला दोन दिवस लागले. मी शिरपूरकडची. माझ्या मोठ्या जाऊबाईंना हा आजार झाला. अहवालात एचपीव्ही असे आले आणि कोणीतरी मोबाइलवर शोधून घरात सांगितले की हा शरीरसंबंधातून होणारा विषाणू आहे. त्यानंतर घरातल्या मोठ्यांनी त्यांच्याशी बोलणे कमी केले. किरण घेऊन त्या परत आल्या तेव्हा त्यांचे ताट वेगळे ठेवले होते. यावर जाणकारांनी काही लिहावे, मी ते घरात वाचून दाखवणार आहे.

किरणचिकित्सक | १० जुलै, सकाळी ७.३०

ताई, हे जरूर वाचून दाखवा. या कर्करोगाच्या दहांतल्या सुमारे नऊ रुग्णांमध्ये एचपीव्ही सापडतो आणि त्यातही मुख्यतः १६ क्रमांकाचा प्रकार. हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो. एकाच जोडीदाराबरोबर संसार केलेल्या व्यक्तीलाही होतो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. थोड्यांच्या शरीरात वर्षानुवर्षे दबून राहतो. जननेंद्रियांच्या आसपासच्या कातडीवरून तो गुदद्वारापर्यंत पोहोचतो, त्यासाठी वेगळ्या प्रकारच्या संबंधाची गरज नसते. कोणाच्या वागणुकीचा दाखला म्हणून या अहवालाकडे पाहणे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे आणि रुग्णावर अन्याय आहे. एका ताटात जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने किंवा जवळ बसल्याने हा कर्करोग कोणालाही होत नाही.

स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. हा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेही कारण असल्यामुळे जाऊबाईंची गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. प्रतिकारशक्ती कमी असणे आणि तंबाखूचे धूम्रपान यांनीही धोका वाढतो. घरात ९ ते १४ वर्षांच्या मुली असतील तर त्यांच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते. झालेला रोग लसीने बरा होत नाही, ती आधी घ्यायची असते.

धुळेकर ताई | १० जुलै, सकाळी १०.००

मी फक्त बाईमाणसाला कोणी सांगत नाही ते सांगते. किरणांनंतर योनिमार्ग आकुंचन पावतो आणि कोरडा पडतो. डॉक्टरांनी दिलेला डायलेटर (योनिमार्ग मोकळा ठेवण्याचे साधन) नियमित वापरला नाही तर पुढे तपासणीसुद्धा करता येत नाही. पाळी चालू असेल तर ती बंद होते. शौचाची घाई लागते, कळ दाबून ठेवता येत नाही, म्हणून बाहेर निघण्याआधी हलके जेवावे. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे बसून नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये. किरण घेतलेल्या जागेवर हळद, तूप किंवा खोबरेल तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आपल्याकडे हे प्रेमाने केले जाते आणि जखम चिघळते.

गिरणाकाठ दादा, मुंबईच्या फेऱ्यांसाठी रेल्वेची सवलत घेता की नाही? उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण सवलत आहे, आणि सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र घेऊन ते तिकीट खिडकीवर दाखवावे लागते. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत रुग्ण आणि नातेवाइकांची राहण्याची सोय होते.

गिरणाकाठ | १९ जुलै, रात्री ८.२५

उशीर झाला, क्षमस्व. मुंबईला जाऊन आलो. तारीख अलीकडे मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी आईला तपासले, दोन्ही एमआरआय शेजारी ठेवून पाहिले आणि सांगितले की बोटाला व्रणासारखा कडकपणा लागतो, गाठीसारखे काही लागत नाही. आता बायोप्सी नाही, शस्त्रक्रिया नाही. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा तपासणी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एमआरआय. मधल्या काळात रक्त गेले किंवा जांघेत काही लागले तर तारीख न पाहता यायचे.

सावद्याच्या दादांशी आई परवा अर्धा तास बोलली. काय बोलली ते तिने मला सांगितले नाही. फोन ठेवल्यावर तिने कळण्याची भाकरी मागितली आणि अर्धी खाल्ली.

मी ज्या दुकानात काम करतो तिथे महिन्यातून दोन जण तरी मूळव्याधीचे मलम विचारतात. आता मी प्रत्येकाला विचारतो की डॉक्टरांनी बोटाने तपासले का, आणि नाही म्हणाले तर मलम देण्याआधी त्यांना तपासून घ्यायला सांगतो. काही जण रागावतात. मागच्या आठवड्यात एक आजोबा तपासून आले, त्यांना साधी मूळव्याधच निघाली, आणि ते मुद्दाम सांगायला आले.

एक शंका राहिली. ऑक्टोबरचा एमआरआय इथेच जळगावला केला तर चालेल का, की मुंबईलाच करावा?

किरणचिकित्सक | २० जुलै, सकाळी ६.५०

शक्य असेल तर तिन्ही स्कॅनसाठी यंत्र आणि पद्धत एकच ठेवा. पहिला एमआरआय जिथे झाला होता तिथली पद्धत मुंबईच्या डॉक्टरांना पटत असेल तर जळगावला चालेल. मात्र तारीख घेताना "गुदमार्गाचा, उपचारानंतरचा" असे चिठ्ठीवर लिहून न्या आणि आधीच्या दोन्ही सीडी रेडिओलॉजिस्टच्या हातात द्या. तुलना न करता लिहिलेला अहवाल आपल्याला पुन्हा जुलैच्या जागी आणून सोडेल.